हळदीचा हंगाम आणि वकीलताईंची खाडाखोड

महिनाभर दुकानात हळद शिजल्याचा वास येतो आहे. वारा कुरुंद्याच्या बाजूने वाहायला लागला की हा वास आमच्या तालुक्याच्या गावात शिरतो. उकडलेल्या रताळ्यासारखा, पण त्यात ओली माती मिसळलेली, आणि मागे कुठेतरी औषधाचा कडवटपणा. बाहेरगावच्या माणसाला तो पहिल्या दिवशी उग्र वाटतो. आम्हाला तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं. या दिवसांत शेताशेतांत वाफेचे कुकर धडधडत असतात, ताडपत्र्यांवर हळद वाळत पडलेली असते, आणि माझ्या संगणकाच्या कळा पिवळ्या होतात. त्या मी पुसून काढते, दुपारपर्यंत पुन्हा पिवळ्या. कारण माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधी बोट लावून विचारतो, "ताई, इथंच टाइप करता का हो?"

कोर्टाच्या भिंतीला लागून माझं पत्र्याचं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, करारनामा, नोटीस, सगळं होतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी पायरी चढत नाही, पायरीच्या खाली बसते, त्यामुळे माझ्या शहाणपणाचा प्रश्न अजून निकाली निघालेला नाही. वीस वर्षं झाली बसून. इतक्या वर्षांत लोकांची भांडणं माझ्या बोटांखालून गेली, पण वाचत मात्र मी फारसं नव्हते. टाइप करणं आणि वाचणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा कळलं. ते कळलं तोही हळदीचाच हंगाम होता.

वास सुरू झाला त्याच आठवड्यात वकील मंडळींपैकी दोघे दुकानात आले. सुलोचनाताईंचा सत्कार करायचं ठरलंय म्हणाले. सुलोचनाताई म्हणजे आमच्या इथल्या जुन्या वकील. गावोगावच्या बाया त्यांना वकीलताई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. कुणाच्या वस्तीचा स्मशानाकडे जाणारा रस्ता अडवलेला, कुणाला नळावर पाणी भरू देत नाहीत, कुणा पारध्याच्या लेकराला दाखल्यावाचून शाळेत घेत नाहीत, अशी कामं वर्षानुवर्षं वकीलताईंकडेच गेली. दुसरे कुणी ती घेत नव्हते असं नाही, पण घेतल्यावर शेवटपर्यंत धरून ठेवणारे थोडे. आता त्यांचे केस पूर्ण पिकलेत, काळा कोट खांद्यावर विटलाय. तो बदला म्हटलं की म्हणतात, "कोट ओळखीचा आहे, जजसाहेबांना सवय झालीय त्याची."

"मानपत्र तुम्हीच लिहा," ते दोघे म्हणाले. "झकास पाहिजे. फ्रेम करून देऊ."

मी म्हटलं, ठीक. त्यात काय अवघड? माझ्याकडे मानपत्र तयारच असतं. निवृत्त मुख्याध्यापक, बदलून गेलेले फौजदार, निवडून आलेले सरपंच, सगळ्यांचं मानपत्र एकच. वरचं नाव बदललं की झालं. फार तर फौजदाराच्या वेळी 'ज्ञानदानाचे पवित्र कार्य' काढून टाकावं लागतं. एकदा ते काढायचं राहिलं होतं, पण फौजदारसाहेब खूश झाले.

फाइल उघडली, वर सुलोचनाताईंचं नाव टाकलं आणि खाली नजर गेली. 'दीनदुबळ्यांच्या कैवारी, असहायांचा आधारवड, लाचारांची माउली.' माझा हात तिथेच थांबला. वाऱ्याबरोबर हळदीचा वास आत आला आणि मला गयाबाईचा अंगठा आठवला.

गयाबाई हळद मोडणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी. आमच्या तालुक्यातल्याच एका गावची, त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जमिनीतून हळद निघाली की तिचा पंजासारखा एक गड्डा येतो. त्याची माती झाडायची, बोटं मोडून वेगळी करायची, मुळ्या खुडायच्या. हे सगळं हाताने. तीन-चार महिने सकाळपासून दिवस मावळेपर्यंत हेच. मोडताना 'कट' असा आवाज येतो. दहा-बारा बाया एका ओळीत बसून मोडायला लागल्या की बांधावर उभ्या माणसाला वाटतं, पाऊस पडायला लागला की काय. पण ओली हळद आणि माती मिळून बोटांची कातडी घासून काढतात. आधी पिवळी होते, मग चिरा पडतात, मग अंगठ्याचं टोक नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत होतं.

काही वर्षांपूर्वीच्या त्या हंगामातलं दुखणं तेच होतं. रेशनच्या दुकानात अंगठा लावायची मशीन आली होती. आमच्याकडे त्याला 'थम' म्हणतात. थम उठला तर धान्य, नाही उठला तर पुढच्या महिन्यात या. आणि गयाबाईच्या टोळीतल्या एकीचाही थम उठेना. सगळ्याच मोडणाऱ्या. त्या पदराने पुसायच्या, थुंकी लावायच्या, तेल लावायच्या, मशीनवर आपला लाल दिवाच. बाकीच्यांच्या घरी थम लावायला दुसरं कुणीतरी होतं, गयाबाई एकटी. तिचा थम लागोपाठ तीन महिने उठला नाही आणि चौथ्या महिन्यात यादीतून तिचं नावच गेलं. नावापुढे शेरा होता, कायम स्थलांतरित.

"मी कुठं गेले?" ती पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा हेच विचारत होती. "सत्तर वर्सं झाली, गाव सोडून म्या कुठं गेले न्हाई. लगीन बी गावातल्या गावातच झालं. आन् हे म्हंतेत, गेली!"

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक दूर दिलेली. तिच्या घरी धान्य येण्याची वाट ती एकच होती. ती बंद झाली होती.

तिला माझ्याकडे पाठवलं होतं वकीलताईंनीच. त्यांची एक रीत होती, अजूनही आहे. हळदीच्या दिवसांत बाया मजुरी बुडवून कोर्टात येऊ शकत नाहीत, म्हणून त्या दिवसांत दर रविवारी वकीलताई स्वतः शेतावर जायच्या. जीपमधून उतरायच्या, बांधाबांधाने चालत यायच्या आणि लिंबाखाली खताच्या रिकाम्या गोणीवर बसायच्या. मांडीवर फाइल. बाया हळद मोडता मोडता सांगायच्या, ह्या लिहून घ्यायच्या. पुढे मीही दोन-चारदा त्यांच्याबरोबर गेले. एखादी बाई रडायला लागली तर वकीलताई पेन खाली ठेवायच्या, समोरचा गड्डा उचलायच्या आणि तिच्या बरोबरीने मोडायला लागायच्या. ती शांत झाली की पुन्हा पेन. सोमवारी कोर्टात उभ्या राहिल्या की त्यांचीही बोटं पिवळी असायची. नवे वकील हसायचे. "हळद लागली वाटतं ताईंना," म्हणायचे. ताई म्हणायच्या, "लागली ना. तुम्हालाही लागू दे एकदा, वकिली गोरी होईल."

तर त्या दिवशी गयाबाईचा अर्ज मी टाइप केला. वकीलताईंनी हाताने मजकूर दिला होता. थम का उठत नाही, नाव कसं गेलं, कायद्यात काय आहे, सगळं मुद्देसूद. पण शेवट त्यांनी लिहिला नव्हता. 'पुढे नेहमीप्रमाणे' एवढंच होतं. त्यांच्या मनात तारीख, ठिकाण, सही असणार. माझ्या मनात मात्र आमच्या धंद्यातलं 'नेहमीप्रमाणे' होतं. प्रत्येक अर्ज लिहिणाऱ्याकडे एक परिच्छेद असतो. माझा माझ्या गुरूंकडून आला, त्यांचा त्यांच्या गुरूंकडून, मूळ बहुधा निजामाच्या काळात कुणीतरी लिहिलं असावं. मी तो चिकटवला:

'अर्जदार ही अत्यंत गरीब, अशिक्षित, निराधार, असहाय व लाचार वृद्ध महिला असून, मायबाप सरकारने तिच्यावर दया करून तिला पदरात घ्यावे व उपकृत करावे, ही नम्र विनंती.'

कागद बाहेर आला आणि वीज गेली. उन्हाळ्यात आमच्याकडे अकराला गेलेली वीज कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. तहसील कचेरीत रेशनचं बघणाऱ्या साहेबांनी बाराची वेळ दिली होती. मी कागद गयाबाईपुढे सरकवला, शाईचं पॅड उघडलं, तिचा अंगठा धरला. तोवर मी असे किती अंगठे धरले असतील, त्याला गणती नाही.

"थांब शैला," वकीलताई दारातून म्हणाल्या. "वाचून दाखवलंस का?"

"ताई, बारा वाजत आलेत."

"वाजू दे."

ही त्यांची दुसरी रीत. ज्याचा कागद, त्याला तो पूर्ण वाचून दाखवायचा, त्याच्या बोलीत समजावायचा, आणि मग विचारायचं, 'हे तुमचंच बोलणं आहे का?' तो हो म्हणाला की सही नाहीतर अंगठा. तोवर नाही. यामुळे त्यांच्या एका अर्जाला इतरांच्या चार अर्जांएवढा वेळ लागायचा. मला तेव्हा हा नुसता खुळेपणा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

ताई वाचत गेल्या, गयाबाई मान हलवत गेली. "व्हय. बराबर. व्हय." शेवटच्या परिच्छेदावर ताई क्षणभर अडखळल्या, माझ्याकडे एकदा बघितलं आणि वाचलं. गयाबाईची मान थांबली.

"गरीब हाय," ती म्हणाली. "ते राहू द्या. साळंत गेले न्हाई, ते बी खरं. निराधार म्हंजी?"

"जिला कुणाचा आधार नाही अशी."

"हे काय हायेत मग?" तिने दोन्ही हात पुढे केले. पिवळेजर्द, भेगाळलेले. "आन् माझ्या टोळीतल्या बाया? त्या काय मेल्या? खोडा ते. असहाय म्हंजी?"

ताईंनी सांगितलं.

"खोडा. आन् लाचार तर मला कळतं. लाचार म्हंजी काय ते मी पाहिलेलं हाय, मी न्हाई तशी. खोडा." मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. "बाई, तू मला कदी पाहिलं व्हतं का? मग काहून लिहिलं असं माझ्यावर?"

मला लाज वाटली, आणि थोडा रागही आला. लाज वाटली की मला आधी राग येतो. मी म्हटलं, "आजी, असंच लिहितात सगळ्यांचं. असं लिहिलं की काम होतं."

"होत असंल," गयाबाई म्हणाली. "पण अंगठा माझा हाय."

पुन्हा छापायला वीज नव्हती. वकीलताईंनी कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि एकेका शब्दावर रेघ मारत गेल्या. निराधार, असहाय, लाचार. 'मायबाप' आल्यावर गयाबाई म्हणाली, "माय-बाप माझे गेले. सरकार कोण हाय माझं? त्यानं आपलं काम करावं." मग 'दया करून'. मग 'पदरात घ्यावे', त्यावर तर ती हसलीच. मग 'उपकृत करावे'. सात खाडाखोडी. वर ताईंनी बारीक अक्षरात लिहिलं, 'तिचे नाव यादीत परत घ्यावे'. 'नम्र विनंती' तेवढी राहिली. "ऱ्हाऊ द्या," गयाबाई म्हणाली. "नम्र बोलाया काय जातं?"

कागदावर खाडाखोड केली की शेजारी सही लागते, नाहीतर ती धरली जात नाही. आणि सही अर्जदाराचीच लागते, वकिलाची नाही, असं ताईंचं म्हणणं. म्हणजे सात खाडाखोडींना सात अंगठे आणि खाली आठवा. मी एकेक उठवत गेले. पॅडवरून कागदावर आठ निळे ठिपके पडले, आणि एकातही रेघ नव्हती. माणसाच्या अंगठ्यावर रेघ नसते असं मी पहिल्यांदा पाहिलं. मग मी तिचा हात सोडेना. तीच म्हणाली, "सोड की बाई, बारा वाजले."

हे सगळं आता लिहिताना सोपं वाटतं. पण त्या दिवशी दुपारी साहेबांच्या टेबलासमोर तो कागद ठेवताना मी खाडाखोडीवर हात झाकून धरला होता. साहेब भला माणूस होता. कागद हातात धरून म्हणाला, "हे काय, गोंदून आणलंय का?" मग खोडलेलं वाचलं. "हे शब्द काहून खोडले? असे शब्द असले की आम्हाला बरं पडतं. निराधार योजनेत नवा अर्ज करा ना, आठ दिवसांत काम होऊन जाईल. ह्या अर्जाला वेळ लागेल. वर विचारावं लागेल."

मला वाटलं, वकीलताई आता साहेबांना कायदा सांगतील. पण त्या वळल्या गयाबाईकडे. "मावशी," त्या म्हणाल्या, "साहेब म्हणतात ते खरं आहे. तसं लिहिलं तर लवकर होईल. असं ठेवलं तर थांबावं लागेल, किती ते मी सांगू शकत नाही. पोट तुमचं आहे. तुम्ही सांगाल तसं करू. दोन्हीत मी तुमच्यासोबत आहे."

मला त्यांचा रागच आला. असं विचारतात का कुणी भुकेल्या माणसाला? वकिलाने निर्णय घ्यावा, अर्जदाराने अंगठा द्यावा, एवढंच मला माहीत. पण आज मला कुणी विचारलं की सुलोचनाताईंचं मोठेपण कशात आहे, तर मी त्या एका प्रश्नाकडे बोट दाखवीन. जिंकलेल्या केसेस पुष्कळ असतील त्यांच्या. पण जिच्या घरात पीठ नाही तिला 'तुमचं काय म्हणणं आहे' असं विचारायला, आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभं राहायला जिगर लागते.

गयाबाईने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. मग ती वकीलताईंशी नाही, साहेबांशी बोलली.

"साहेब, तुमच्या मशीनला माझा अंगठा दिसून न्हाई राहिला. त्याच अंगठ्यानं म्या हळद मोडून राहिले. ती तुमच्या घरच्या वरणात बी पडती. तितं बराबर दिसतो माझा अंगठा. मशीन आंधळी हाय, तं मी काहून लाचार व्हावं? मी थांबते."

साहेबांनी तिचा हात बघायला मागितला. टेबलावर ठेवून बराच वेळ बघितला. मग त्यांच्या कचेरीतल्या मशीनवर तिचा अंगठा स्वतः लावून बघितला. लाल. दुसरं बोट, लाल. दहाही लाल. तेव्हा ते वकीलताईंना म्हणाले, "बसा ताई. कायदा काय म्हणतो, वाचा."

पी हळद अन् हो गोरी, असं कायद्यात काही नसतं. तीन तारखा पडल्या. तोवर शेतातली हळद निघाली, शिजली, वाळली, पॉलिशच्या ड्रममधून फिरून मोंढ्यावर विकायला गेली. तेवढे दिवस गयाबाईच्या घरात टोळीतल्या बायांनी आळीपाळीने पीठ नेऊन दिलं. ती ते नाकारत नव्हती. "हे दया न्हाई," मला एकदा म्हणाली, "उद्या तिची चूल थांबली तर म्या देईन." दर रविवारी वकीलताई शेतावर जात राहिल्या. टोळीतल्या एकेकीचा अर्ज तयार झाला, प्रत्येकीला वाचून दाखवला, प्रत्येकीला विचारलं. त्या अर्जांत मी 'नेहमीप्रमाणे' काही चिकटवलं नाही. ती फाइलच मी संगणकातून काढून टाकली.

तिसऱ्या तारखेला गयाबाईचं नाव यादीत परत आलं. तिच्या टोळीतल्या अकराजणींच्या नावांना धक्का लागला नाही. आणि असं ठरलं की आमच्या भागात हळदीच्या दिवसांत थम उठला नाही तर दुकानदाराने वहीत नोंद घेऊन धान्य द्यायचं, कुणाला परत पाठवायचं नाही. ती वही आजही चालते. गयाबाई त्या दिवशी साखर वाटत आली होती. वकीलताईंनी चिमूटभर घेतली आणि म्हणाल्या, "मावशी, आता घरी जा आणि हाताला तेल लावा." गयाबाई म्हणाली, "तुमी बी लावा. पिवळे झालेत."

हे सगळं आठवून झाल्यावर मी मानपत्राची फाइलही पुसली. मुख्याध्यापकांनी आणि सरपंचांनी मला माफ करावं. रविवारी जीपने निघाले, गयाबाई कुठल्या शेतात आहे ते विचारत गेले. आता तिच्याच्याने मोडणं होत नाही. कुकरशेजारी बाजेवर बसते, वाफ आली की सांगते. म्हणे कुकरचं झाकण न उघडता तिला वासावरून कळतं, हळद शिजली की नाही ते.

मी म्हटलं, "मावशी, वकीलताईंचा सत्कार आहे. कागदावर काय लिहू?"

"मला काय इचारती? तू लिहिणारी."

"तुमचंच बोलणं लिहायचंय. मी लिहिलेलं तुम्हाला आवडत नाही."

ती खूप हसली. मग धुराकडे बघत एकेक वाक्य सांगत गेली, मी वहीत उतरवत गेले. थोडं तिच्या बोलीतलं, थोडं सरळ करून. मग रीतीप्रमाणे वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिने बदल सांगितले. "व्हय," ती शेवटी म्हणाली. "आता माझं झालं." आणि खाली अंगठा दिला, शाईचा नाही, नुसता पिवळा.

फ्रेमवाला काच लावायला आला तेव्हा मी नको म्हटलं. वकील मंडळी नाराज झाली. मी म्हटलं, "ताईंना ओळखता ना? वाचल्याशिवाय घेतील त्या?"

सत्कार सभागृहात झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. भाषणांत ताईंना रणरागिणी म्हटलं, दीपस्तंभ म्हटलं, त्या खुर्चीत अवघडून बसल्या होत्या, बाजारात आणलेल्या शेळीसारख्या चुळबुळत. पुढच्या रांगेत गयाबाई आणि तिची टोळी. सगळ्याजणी शेतातून हात धुऊन आल्या होत्या, पण ती धुऊन जाणारी गोष्ट नाही. मग मला पुकारलं. मी वर गेले आणि वाचलं. फार मोठं नव्हतं.

'वकीलताई, तुम्ही शेतात आलात, आम्हाला कोर्टात हेलपाटे घालायला लावले नाहीत. तुम्ही आमच्यासंगं हळद मोडली. तुम्ही आम्हाला विचारलं. आम्ही सांगितलं ते लिहिलं, न सांगितलेलं खोडलं. आमचं नाव आमचंच होतं, ते परत आलं. तुम्ही वाचून दाखवलं नसतं तर कागदावर आम्ही लाचारच राहिलो असतो, आणि आम्हाला ते कळलंही नसतं.'

सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायचं सुचलं नसावं. वकीलताई उठल्या, माझ्या हातातून कागद घेतला, चष्मा चढवला आणि स्वतः एकदा पूर्ण वाचला. मग कोटाच्या खिशातून पेन काढलं. मला माहीत होतं.

"शेवटचं वाक्य बरोबर नाही," त्या माइकवर म्हणाल्या. "गयामावशी लाचार कधीच राहिल्या नसत्या. त्या उभ्या राहिल्या, त्या बोलल्या. मी फक्त वाचलं. हे श्रेय माझं नाही." आणि त्यांनी शेवटच्या वाक्यावर रेघ ओढायला घेतली.

"थांबा!"

गयाबाई उठून उभी होती. तिला उठायला दोघींचा हात लागला, पण आवाजाला कुणाचा लागला नाही.

"ते कुणाचं बोलणं हाय?"

वकीलताईंचं पेन थांबलं. "तुमचं, मावशी."

"मग खोडल्यावर अंगठा कुणाचा लागतो?"

आख्खं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं, त्यात त्यांच्या हाताखाली शिकलेले वकील होते, त्यांना हा नियम पाठ होता.

"तुमचाच," त्या हळू म्हणाल्या.

"मी देत न्हाई," गयाबाई म्हणाली, अंगठा मुठीत दाबला, मूठ पदराखाली घेतली आणि खाली बसली.

तेव्हा टाळ्या वाजल्या. ताई तिथेच उभ्या होत्या, हातात पेन, डोळ्यांतून पाणी, आणि हसतही होत्या. पेनाचं टोपण त्यांना नीट लावता येईना, ते मी लावून दिलं.

मानपत्र आता त्यांच्या कचेरीत भिंतीवर आहे, काच लावलेली. काल एका कागदावर सही घ्यायला गेले होते तेव्हा बघितलं. शेवटच्या वाक्यावर रेघ आहे, 'लाचारच' या शब्दापर्यंत आलेली. रेघेशेजारची जागा कोरी आहे. एक नवा वकील तिथे उभा राहून वाचत होता. त्याने ताईंना विचारलं, हे खोडलंय का?

"नाही," ताई म्हणाल्या. "अंगठा नाही त्यावर. वाक्य कायम आहे."